दोन्ही हात पसरून उभा असलेला माणूस

दुकानात प्रत्येक जिनसेचे दोन भाव असत. एक रोखीचा, एक उधारीचा. मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, कापड, बियाणं, खत, सगळ्याचेच दोन भाव. रोखीचा भाव विचारणारं गिऱ्हाईक क्वचितच यायचं, कारण गावात रोकड कोणाकडे नसायचीच. शेतकरी जिन्नस सांगायचा, दुकानदार वहीत उधारीचा भाव मांडायचा आणि वर व्याज लावायचा. तारण काय, तर जो कापूस अजून उगवलाही नाही तो. सुगीला गाडी भरली की कापूस थेट त्याच दुकानदाराकडे. वजावट झाल्यावर वहीच्या तळाशी थोडीफार बाकी उरायचीच, आणि ती फिटेपर्यंत पुढच्या वर्षाचं पीकही त्याच्याकडेच बांधलेलं. दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची सोय नव्हती.

ही जॉर्जिया, अलाबामा, टेक्सासमधली १८७० ते १९०० च्या दरम्यानची गोष्ट. 'क्रॉप लीन' म्हणत त्या पद्धतीला, म्हणजे उभ्या पिकाचं गहाण. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बाबांना फोन लावला. यवतमाळकडे आमची कापसाची शेती. आजोबांच्या लहानपणी गावात सवाई-दीडी चालायची, पेरणीला मणभर ज्वारी उचलली की सुगीला दीड मण घालायची. बाबांना मी त्या अमेरिकन दुकानाबद्दल सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "मंजे वही तिथंबी त्याच्याच घरी राहे?"

हो, वही त्याच्याच घरी राहायची. बाबांच्या त्या एका प्रश्नामुळे मी गेली काही वर्षं या विषयाला, त्या वहीविरुद्ध उठलेल्या अमेरिकन शेतकऱ्यांच्या चळवळीला, धरून आहे.

आमचा कापूस आणि त्यांचा कापूस एकमेकांना चांगले ओळखतात. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशापासून दख्खनपर्यंत आपल्याकडे कापसाला कधी नव्हे ते भाव आले. सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. १८६५ च्या एप्रिलात युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजार बसला आणि खेड्यांतली कर्जं तेवढी शिल्लक राहिली. दहा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्याच युद्धाच्या शेवटातून अमेरिकेच्या दक्षिणेत ती दुकानाची वही जन्माला आली. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांना जमीन मिळाली नव्हती, जमीनदारांकडे रोकड उरली नव्हती, बँका बुडाल्या होत्या. उधार देणारा दुकानदार तेवढा उभा राहिला. आधी काळे शेतकरी त्या वहीत अडकले, पाठोपाठ लाखो गोरेही.

तिथे वह्या जाळल्या गेल्या नाहीत. तिथे सभा भरल्या.

१८७७ मध्ये टेक्सासच्या लॅम्पॅसस काउंटीत काही शेतकऱ्यांनी एक संघ काढला आणि त्याचा पुढे 'फार्मर्स अलायन्स' झाला. सगळ्यांचा कापूस एकत्र विकायचा, बियाणं-अवजारं एकत्र घ्यायची, दुकानदाराला मधून काढायचं, एवढंच आधी डोक्यात होतं. बँकांनी या सहकारी धडपडीला पैसा दिला नाही, म्हणून माणसं राजकारणात उतरली. १८९२ च्या ४ जुलैला नेब्रास्कातल्या ओमाहा शहरात 'पीपल्स पार्टी'चा जाहीरनामा मंजूर झाला. या पक्षाच्या माणसांना लोक 'पॉप्युलिस्ट' म्हणू लागले.

इथे थोडं थांबतो, कारण आपल्या वर्तमानपत्रांत 'पॉप्युलिझम'ला सर्रास 'लोकानुनय' लिहितात आणि मला ते प्रत्येक वेळी टोचतं. अनुनय म्हणजे मनधरणी. ओमाहाला जमलेली माणसं कोणाची मनधरणी करत नव्हती, ती स्वतःच लोक होती. उत्पन्नावर चढत्या दराने कर, रेल्वे आणि तारखातं सरकारी मालकीचं, टपाल कचेरीत बचत बँक, गुप्त मतदान, सिनेटर थेट जनतेने निवडायचे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. कापूस सरकारी गोदामात ठेवून त्यावर कमी व्याजाने कर्ज मिळावं, अशीही एक होती. ती वाचताना बाबा पुन्हा आठवले. दिवाळीआधी पैशाची नड असते म्हणून पडत्या भावात कापूस विकावा लागतो आणि दोन महिन्यांनी भाव चढतो, हे ज्याने भोगलंय त्यालाच अशी मागणी सुचू शकते.

जाहीरनाम्याची प्रस्तावना पक्षाचा एक पुढारी इग्नेशियस डॉनेली याने लिहिली. देश नैतिक, राजकीय आणि आर्थिक विनाशाच्या कड्यावर येऊन ठेपलाय, असं ती सांगते, आणि नैतिक हा शब्द तिथे पहिला येतो. सरकारी अन्यायाच्या एकाच कुशीतून दोन वर्ग जन्मतात, भटके भिकारी आणि लक्षाधीश, असंही त्यात आहे. हा सूर अर्थशास्त्राच्या वर्गातला नाही, देवळातल्या प्रवचनातला आहे, आणि तो जाणूनबुजून लावलेला नव्हता. त्या माणसांना दुसरा सूर येतच नव्हता. कॅन्ससच्या सपाट मैदानावर किंवा टेक्सासच्या लाल मातीत राहणाऱ्या कुटुंबाच्या घरी पुस्तक असलंच तर बायबल असायचं. उन्हाळ्यात गाड्या जुंपून, मुलंबाळं घेऊन, माणसं धार्मिक मेळाव्यांना जायची आणि तंबू ठोकून राहायची. अलायन्सच्या सभाही तशाच भरू लागल्या. तेच तंबू, त्याच गाड्या, ओळखीच्या भजनांच्या चालीवर बसवलेले नवे शब्द. गावोगाव फिरणाऱ्या वक्त्यांत कितीतरी जण खेड्यातले धर्मोपदेशक होते. व्याज, रेल्वेचं भाडं, चलनाचा तुटवडा या रुक्ष गोष्टी ते सांगायचे आणि ऐकणाऱ्याला त्यात बायबलमधला जुलमी राजा फारो दिसायचा, गुलामांना सोडवणारा मोझेस दिसायचा, देवळातून सराफांना हाकलणारा येशू दिसायचा.

मी कीर्तनं ऐकत वाढलो. पूर्वरंगात सांगितलेला सिद्धांत उत्तररंगातल्या कथेत माणसाच्या डोळ्यांतून पाणी कसं काढतो, हे मी पाहिलंय. त्यामुळे शेतकरी धर्माच्या भाषेत राजकारण बोलू लागले की लगेच 'अंधश्रद्धा' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही, वर्तमानपत्र नाही, वकील नाही, त्याने आपल्यावर अन्याय होतोय हे कोणत्या भाषेत म्हणायचं? जी भाषा आईच्या मांडीवर ऐकली, तिच्यातच ना?

याच चळवळीतली एक रात्र माझ्या मनातून जात नाही. १८९२ सालचं जॉर्जिया. अमेरिकन संसदेसाठी उभा असलेला पीपल्स पार्टीचा उमेदवार टॉम वॉटसन हा गोरा, लालभडक केसांचा वकील. तो काळ्या आणि गोऱ्या शेतकऱ्यांना एकत्र बोलवत होता. त्याचं वाक्य आहे, तुम्हाला वेगवेगळं ठेवलं जातं ते तुम्हाला वेगवेगळं लुबाडता यावं म्हणून. त्याच्यासाठी एच. एस. डॉयल नावाचा तरुण काळा धर्मोपदेशक प्रचार करत होता. त्या मोसमात डॉयलने ६३ भाषणं केली. त्याला ठार मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा तो थॉमसन गावी वॉटसनच्या घरी आश्रयाला आला. वॉटसनने घोडेस्वार धाडले. रातोरात गोरे शेतकरी घोड्यांवरून, बग्ग्यांतून, बंदुका घेऊन येऊ लागले आणि एका काळ्या धर्मोपदेशकाच्या रक्षणासाठी त्यांनी दोन रात्री पहारा दिला. दक्षिणेत काळ्या माणसाकडे बंदूक घेतलेले गोरे रातोरात येणं याचा अर्थ एकच असायचा. त्या दोन रात्री तो अर्थ बदलला.

वॉटसन ती निवडणूक हरला. ऑगस्टा शहरात मतदार होते त्याहून कितीतरी जास्त मतं पडली होती. पण देशभरात पीपल्स पार्टीचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जेम्स वीव्हर याला दहा लाखांवर मतं मिळाली.

पुढच्याच वर्षी मंदी आली. इथे गोष्ट पुन्हा एकदा आपल्या दारावरून जाते. मुंबईत फोर्टमध्ये टांकसाळीसमोरून मी नोकरीच्या दिवसांत शेकडो वेळा गेलो असेन. ते ग्रीक धाटणीचे खांब पाहून ही इमारत कॅन्ससच्या शेतकऱ्याशी बांधलेली असेल, असं कधी मनात आलं नाही. २६ जून १८९३ ला इंग्रज सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी चांदीसाठी बंद केल्या. तोवर कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत अशी मोकळीक होती. ती संपली आणि काही दिवसांत जगभर चांदीचा भाव घसरला. कोलोरॅडोतल्या चांदीच्या खाणी बंद पडल्या. चांदी खरेदी करण्याचा अमेरिकन सरकारचा कायदाही त्याच वर्षी रद्द झाला.

शेतकऱ्याला चांदी का हवी होती? चलन सोन्याला बांधलेलं, आणि सोनं थोडं. माणसं वाढली, माल वाढला, पैसा त्या मानाने वाढला नाही, म्हणून मालाचे भाव वर्षानुवर्षं उतरत गेले. गव्हाला बुशेलमागे (बुशेल हे तिकडचं धान्याचं माप) १ डॉलर भाव असताना काढलेलं १,००० डॉलरचं कर्ज हजार बुशेलांचं. भाव अर्ध्यावर आला की तेच कर्ज दोन हजार बुशेलांचं होतं. कागदावरचा आकडा तोच, घाम दुप्पट. १८७३ च्या कायद्याने चांदीचा डॉलर पाडणं थांबलं होतं. १६ भार चांदीला १ भार सोनं या प्रमाणात तो पुन्हा पाडा, म्हणजे पैसा वाढेल, भाव सावरतील आणि कर्ज हलकं होईल, असा शेतकऱ्यांचा हिशोब होता. तो पुरता बरोबर नव्हता, नुसत्या चांदीने ती वही बंद झाली नसती. पण दुखणं त्यांनी अचूक ओळखलं होतं.

मग ९ जुलै १८९६ चा दिवस उजाडला. शिकागोच्या कलोझियममध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. नेब्रास्कातून अमेरिकन संसदेत गेलेला एक माजी सदस्य व्यासपीठावर दोन-दोन पायऱ्या ओलांडत चढला. विल्यम जेनिंग्ज ब्रायन, वय ३६. ध्वनिक्षेपक नव्हताच, तरी हजारोंच्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत त्याचा शब्द पोचत होता. तो म्हणाला, तुमची शहरं जाळा आणि आमची शेतं राहू द्या, शहरं जादू झाल्यासारखी पुन्हा उभी राहतील. आमची शेतं उद्ध्वस्त करा, म्हणजे देशातल्या प्रत्येक शहराच्या रस्त्यांवर गवत उगवेल. शेवटाकडे येताना त्याने बोटं कानशिलांवरून खाली ओढली, जणू काटे रुतताहेत. श्रमाच्या कपाळावर हा काट्यांचा मुकुट तुम्हाला दाबून बसवता येणार नाही. आणि मग दोन्ही हात आडवे पसरून, मानवजातीला तुम्हाला सोन्याच्या क्रुसावर चढवता येणार नाही. काही क्षण तो तसाच, क्रुसावरच्या माणसासारखा, हात पसरून उभा राहिला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तो खाली उतरू लागला आणि छप्पर उडेल असा कल्लोळ झाला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्याच्याकडे आली. पीपल्स पार्टीनेही पुढे त्यालाच उभं केलं, उपाध्यक्षपदासाठी मात्र वॉटसनचं नाव दिलं. त्या तडजोडीत पीपल्स पार्टी विरून गेली. माझ्या मते ते त्या वर्षातलं सगळ्यात मोठं नुकसान. ओमाहाच्या लांबलचक, विचार करून लिहिलेल्या यादीतली फक्त चांदी उरली.

ब्रायनने आगगाडीने १८,००० मैल तुडवले, दिवसाला कितीतरी भाषणं केली. समोर रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी घराच्या ओसरीवर बसला होता, माणसं गाड्या भरभरून तिथे आणली जात होती, आणि त्याचा सूत्रधार मार्क हॅना याने उद्योगपतींकडून त्या काळातले लाखो डॉलर गोळा केले. देव दोन्हीकडे होता. मॅकिन्ली श्रद्धाळू मेथडिस्ट, ब्रायन प्रेस्बिटेरियन, दोन्ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ. शहरांतल्या कित्येक मोठ्या चर्चमधून ब्रायनविरुद्ध प्रवचनं झाली. घेतलेलं कर्ज स्वस्त पैशात फेडणं म्हणजे चोरी, आणि चोरी करू नकोस ही तर देवाचीच आज्ञा. एकाच ग्रंथातून धनकोला एक ओळ सापडली, ऋणकोला दुसरी. ब्रायन हरला, राज्यांच्या निर्वाचक मतांत २७१ विरुद्ध १७६. १९०० मध्ये पुन्हा हरला आणि १९०८ मध्ये पुन्हा.

तरी तो विझला नाही. १९०६ मध्ये जगप्रवासात तो हिंदुस्थानात आला आणि त्याने 'ब्रिटिश रूल इन इंडिया' हा लेख लिहिला. इंग्रजांच्या राज्याने इथल्या रयतेला कसं पिळलं, हे त्याने आडपडदा न ठेवता मांडलं. नेब्रास्काच्या माणसाला दुष्काळातला शेतसारा लगेच कळला, यात मला नवल वाटत नाही. १९१३ मध्ये तो परराष्ट्रमंत्री झाला, आणि त्याच वर्षी उत्पन्नावरचा कर आणि सिनेटरांची थेट निवड या ओमाहाच्या दोन मागण्या राज्यघटनेत आल्या. १९१५ मध्ये देश युद्धाकडे सरकतोय असं दिसताच त्याने राजीनामा दिला. पद सोडून देणाऱ्या अशा माणसाला ढोंगी म्हणणं मला शक्य नाही.

वॉटसनचं काय झालं, ते लिहिताना हात जड होतो. हरत गेला तसा तो कडवट झाला. ज्या काळ्या शेतकऱ्यांना त्याने हाक दिली होती, त्यांचाच मताधिकार काढून घेण्याच्या मोहिमेत तो उभा राहिला. मग कॅथलिकांविरुद्ध, मग ज्यूंविरुद्ध त्याची नियतकालिकं आग ओकू लागली. लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाविरुद्ध त्याने लोकांना भडकवलं आणि १९१५ च्या ऑगस्टमध्ये जमावाने फ्रँकला तुरुंगातून पळवून मारिएटात फासावर लटकवलं. थॉमसनच्या त्या दोन रात्री आणि हे, एकाच माणसाच्या आयुष्यात. 'आपण लोक' म्हणताना त्यातून कोणाला तरी वगळलं की हाक किती सोपी होते, हे त्याला कळलं होतं.

ब्रायनने असा द्वेष कधी पसरवला नाही. पण तो पसरवणाऱ्यांचं नाव घेणं त्याने टाळलं. १९२४ च्या न्यूयॉर्क अधिवेशनात काळ्यांवर हल्ले करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा असा ठराव आला, तेव्हा पक्ष फुटेल म्हणून ब्रायन नाव घेण्याच्या विरोधात बोलला. ठराव जेमतेम एका मताच्या फरकाने पडला. मानवजातीला क्रुसावर चढवू नका म्हणणारा माणूस, आणि झाडाला लटकवलेली काळी माणसं त्या मानवजातीत मोजायचं धैर्य त्याला झालं नाही. मी त्याच्यावर प्रेम करतो आणि हे मला माफ करता येत नाही.

जग मात्र त्याला त्यानंतरच्या वर्षासाठी हसतं. जुलै १९२५, टेनेसीतलं डेटन गाव. शाळेत उत्क्रांती शिकवली म्हणून जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला. सरकारी बाजूने ६५ वर्षांचा ब्रायन, हातात ताडाच्या पानाचा पंखा. बचावाला गॅलस लावलेला क्लॅरन्स डॅरो, जो १८९६ मध्ये ब्रायनच्याच बाजूचा होता. २० जुलैला उकाडा असह्य झाला, गर्दीच्या भाराने मजला खचेल अशी भीती वाटली, तेव्हा न्यायाधीशांनी कोर्ट बाहेर झाडांखाली हिरवळीवर हलवलं. तिथे डॅरोने ब्रायनलाच साक्षीला बसवलं. बायबलमधला योना माशाच्या पोटात खरंच राहिला का, आदमचा मुलगा केन याची बायको कुठून आली, पृथ्वी सहा दिवसांत झाली का. चोवीस तासांचे सहा दिवस नव्हेत, असं ब्रायन म्हणाला, आणि त्याच्याच लोकांचे चेहरे उतरले. दुसऱ्या दिवशी स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. पाच दिवसांनी, रविवारी, चर्चमधून आल्यावर दुपारी झोपलेला ब्रायन उठला नाही.

स्कोप्सला शिकवू द्यायला हवं होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. कायदा चुकीचा, ब्रायन चुकीचा. पण ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला उभा राहिला, त्यात मानवी वंशांची उतरंड लावून गोऱ्यांना वरच्या पायरीवर बसवलं होतं, आणि दुर्बळ, 'हलक्या' कुटुंबांबद्दल, ही जनावरं असती तर आपण त्यांना मारून टाकलं असतं, अशा अर्थाचं वाक्य होतं. बलवानांनी जगावं आणि दुबळ्यांनी मरावं हा निसर्गाचा नियम सांगत कारखानदार संप मोडत होते. ब्रायन आयुष्यभर ज्यांच्याशी लढला, त्यांच्या हातात त्याला ते शास्त्र दिसत होतं. कोर्टात करता न आलेल्या शेवटच्या भाषणात त्याने लिहून ठेवलं होतं, विज्ञान ही भव्य शक्ती आहे, पण ती नीतीची शिक्षक नाही. हिरवळीवरचा म्हातारा मला शिकागोच्या तरुणाहून वेगळा वाटत नाही. दुबळ्याची बाजू घेण्याचं बळ त्याला ज्या श्रद्धेतून मिळालं, तिचा एक दगड हलला तर सगळं घर पडेल, असं त्याला वाटत होतं. म्हणून तो सगळेच दगड धरून बसला.

शिकागोच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतं, पण ते त्या दिवशीचं नाही. जवळजवळ पंचवीस वर्षांनी, उतारवयात, त्याने ते पुन्हा म्हटलं आहे. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांना ऐकवलं. ओसरीवर कापूस भरून ठेवलेला, भाव नाही म्हणून अजून विकलेला नाही. बाबांना इंग्रजी येत नाही. आवाज जड, संथ, थोडा थकलेला. क्रुसाचं वाक्य आलं तसे त्यांनी डोळे मिटले. शेवटच्या शब्दानंतर गर्दी नाही, कल्लोळ नाही, नुसती तबकडीची खरखर.

"हे गोऱ्याचं झालं," बाबा म्हणाले, "त्या काळ्या बुवाचं भाषण नाही का? ज्याच्यासाठी पहारा होता त्याचं?"

६३ भाषणांपैकी एकाचाही आवाज उरलेला नाही, असं मी सांगितलं. बाबा उठले आणि कापसावरची ताडपत्री नीट करायला गेले.